फटीतला तारा

भिंगरीच्या खोलीचे पडदे भर दुपारीही ओढलेले असत. घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती, म्हणून हल्ली आईही तिच्याबरोबर खगोलशास्त्राच्या संस्थेत यायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल गुंडाळून बसायची. लहानपणी लेक एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी हे नाव आईनेच ठेवलेलं. आता मात्र ती लेकीला 'बाई' म्हणे. "बाई, तुमच्याकडे छान वाटतं हो बसायला."

भिंगरीला एक खोड होती. अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेला क्ष-किरणांचा एकेक कण ती आवाजात बदलून ऐकायची. आणि कण तरी कसे, अगदी रमतगमत येणारे! टक्. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा टक्. ते जिथून येत ती ताऱ्यांची दीर्घिका लंबवर्तुळाकार, जख्ख म्हातारी. तिथे नवे तारे जन्मणं कधीच थांबलेलं. पण एखादा मेलेला तारा शेजाऱ्याचा वायू ओढून घेतो, तो वायू तापतो आणि क्ष-किरणांत लुकलुकू लागतो. आई डोळे मिटून ते टकटकणं ऐकायची आणि सगळी खोली हळूहळू पाण्यावर तरंगायला लागायची.

सकाळीच ताईचा फोन येऊन गेला होता. वृद्धाश्रमात जागा मिळत होती, हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. "अगं, तिच्यात आता आपली आई उरलीय कुठे? तुला तरी ओळखते का?" ताई काही दुष्ट नव्हती, दमली होती बिचारी. भिंगरीची मात्र हो म्हणायला जीभ रेटेना.

तेवढ्यात तिचे मार्गदर्शक सर आले, चष्मा कपाळावर चढवून. हातात भिंगरीचा शोधनिबंध. जुन्या निरीक्षणात ठळक दिसणारा एक तारा नव्यात दिसत नव्हता, तेव्हा तो विझला, असं तिने छातीठोकपणे लिहून टाकलं होतं.

"भिंगरे, एक्स्पोजर मॅप बघितलास?"

"तो... राहिलाच, सर."

"राहिला! धन्य आहेस. आधी तो बघ, मग मला तोंड दाखव."

कॅमेऱ्याच्या कुठल्या भागाने किती वेळ पाहिलं, याचा तो नकाशा. तिने तो उघडला आणि कपाळावर हात मारला. कॅमेरा अनेक चिपा शेजारी-शेजारी बसवून केलेला. दोन चिपांमधल्या फटीला काही दिसत नाही. नव्या निरीक्षणाच्या वेळी दुर्बीण जराशी वळलेली होती आणि तिचा तारा नेमका त्या फटीत गेला होता. विझला म्हणायला काही आधारच नव्हता. कॅमेरा त्याच्याकडे बघतच नव्हता.

सर हसत निघून गेले. भिंगरीने खजील होऊन जुनं निरीक्षण पुन्हा लावलं. टक्.

"बाई," आई डोळे न उघडताच म्हणाली, "माझी मुलगी पण तुमच्यासारखीच. कामात डोकं घातलं की जेवायचं भान नाही. भेटली तर सांगाल? म्हणावं, ताट झाकून ठेवलंय. भिंगरी नाव तिचं."

"सांगते हं," एवढंच म्हणून भिंगरीने ताईला फोन लावला.

"ताई, ती जागा नको."

"का गं? ओळखलं तिने तुला?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "पण माझी वाट बघतेय."