पाचवा सुरुंग

सुरुंग हा शब्द कुणी काढला की माझी मान खाली जाते. आता तो कुणीही, कशालाही वापरतं. सोसायटीच्या निवडणुकीत एक माणूस फुटला तरी म्हणतात, पॅनेलला सुरुंग लागला. आमच्या बोरी गावात पूर्वी त्याचा अर्थ एकच होता. विहिरीच्या तळाला, काळ्या पाषाणात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि वर पळायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीचे सुरुंग पंडित उडवायचा. बौद्धवाड्यातला, हाताचा पक्का. वर थांबून आवाज मोजायची रीत होती. एक जरी कमी भरला तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. मोजून सांगायचं काम मालकाचं, म्हणजे माझं.

त्या दिवशी पाच लावले होते. मी चार ऐकले. पण शेजारच्या आश्रुबाच्या विहिरीला पाणी लागून आठ दिवस झाले होते आणि मी नुसता जळत होतो. दोन एकदम उडाले असतील, असं मनाला बजावलं आणि मोठ्यानं म्हणालो, "पाच झाले. उतर."

पंडितनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तो उतरला. दगड सारताना पाचवा उडाला. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. त्याच जागी मला पाणी लागलं. गावाला मी सांगितलं, पंडितची घाई नडली.

पुढं दोन-तीन महिन्यांत विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. पारावर मीच तावातावानं म्हणालो, "ह्या लोकांनी गावाच्या एकीला सुरुंग लावला." समोरून पंडित चालला होता, तुटका हात सदऱ्यात लपवून. त्यानं ऐकलं. माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. पंडित पेढे घेऊन माझ्या ओट्यावर आला. डाव्या हातानं त्यानं पेढा पुढे केला. मला तो घेववेना.

"पंडित, त्या दिवशी मी चारच ऐकले होते."

"ठावं हाय, मालक. मी बी चारच मोजले व्हते."

"मग उतरलास कशाला?"

"तुमी पाच म्हणलात. तवा तुमाला न्हाई म्हणायची आमची टाप व्हती का?"

मला त्याच्याकडे बघवेना. माझी बायको सुमनबाई तांब्या घेऊन बाहेर आली. पंडितनं तो डाव्या हातानं घेतला आणि घटाघटा प्यायला. पाणी त्याच विहिरीचं होतं.