माझी आईपण वापरते

"अगं प्रिस्का, कसं सांगू तुला! कालपासून एक अक्षर उमटत नाहीये."

प्रिस्का भुईगावहून रिक्षा करून एव्हरशाईन सिटीत आशालताच्या घरी आली होती. तिची आई कॅतरीन जाऊन महिना होत आला होता. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिच्यासाठी मिस्सेची प्रार्थना होती आणि तिथं वाटायला आठवणीचं पत्रक हवं होतं. आशालता कित्येक वर्षं घरबसल्या मराठी टायपिंग करायची. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, आणि ही अशी पत्रकं. पत्रक घेताना ती घरच्यांना हटकून विचारायची, "गेलेलं माणूस घरात सारखं काय म्हणायचं?" आणि ते वाक्य जसंच्या तसं तळाला छापायची. त्या एका ओळीसाठी लोक स्टेशनजवळची दुकानं टाकून तिच्याकडे यायचे.

"माझी माय आल्यागेल्याला म्हणायची, पानी पिऊन जा गो बाय," प्रिस्का म्हणाली. "तेवढं खाली टाक. बाकी काय नसलं तरी चालंल."

आशालतानं मान डोलावली. समोर कॉम्प्युटरचा पडदा काळाकुट्ट आणि त्यात एक पांढरा ठोकळा लुकलुकत होता. मेला!

ही सगळी सिद्धेशची करणी. लेक बंगळुरूहून सुट्टीवर आला आणि म्हणाला, जुनी विंडोज आता धोक्याची, तिच्या जागी लिनक्स टाकू, फुकट आहे. टाक बाबा. त्यातही म्हणे शंभर जाती, सोप्यापासून महाकठीणपर्यंत, ज्यानं त्यानं आपल्या कुवतीप्रमाणे निवडायची. आशालतानं स्वच्छ सांगितलं होतं, "मला सगळ्यात सोपं टाक. चित्रावर दाबलं की उघडलं पाहिजे. आणि मराठी अक्षरं टाइपरायटरवर होती त्याच कळांवर हवीत. माझी बोटं आता दुसरं शिकायची नाहीत."

"आई, ती बालवाडी आहे गं! तसलं टाकलं तर माझ्या लिनक्सवाल्या ग्रुपमध्ये लोक हसतील मला."

मला म्हणे! टायपिंग कोण करणार, हसणार कोणाला, काही मेळ? पण लेकाची हौस म्हणून ती गप्प बसली. दिवसभर खपून त्यानं सगळ्यात अवघड होतं तेच घातलं, तिला खुर्चीत बसवून फोटो काढला आणि विमान पकडून गेला.

आता प्रिस्कासमोरच तिनं त्याला फोन लावला.

"आई, सिम्पल आहे. सुपर की दाब."

"ती कुठली?"

"खाली विंडोजचं चिन्ह आहे ना, ती."

"मग विंडोज काढलंस कशाला!"

"आई प्लीज. आता टर्मिनल उघडेल, एक काळी चौकट, त्यात मी सांगतो ते टाइप कर."

पाऊण तास ती त्याच्या तोंडून एकेक इंग्रजी अक्षर ऐकून बडवत राहिली. शेवटी मराठी उमटली, पण टाइपरायटरची नाही. 'क'च्या जागी भलतंच. आपल्याच बोटांनी आपल्याला परकं करावं, असं तिला झालं. तेवढ्यात नवरा, जयवंत, मोबाईल नाचवत आतून आला.

"अगं बघ, पोरानं तुझा फोटो टाकलाय! केवढे लाईक!"

फोटोत ती हसत होती. मागे तोच काळा पडदा, आणि खाली सिद्धेशनं लिहिलं होतं, 'लोक म्हणतात अवघड आहे. माझी आईपण वापरते.'

आशालतानं जयवंतचा मोबाईल बाजूला सारला.

"तो फोटो काढून टाक," ती फोनवर म्हणाली.

"का गं? सगळे कौतुक करतायत तुझं."

"माझं नाही रे, तुझं. मला खेळणं केलंस तू. शी! किळस येते मला."

तो वरमला. "बरं, शनिवारी येतो. सोपं टाकून देतो."

"पत्रक उद्या छापायला जायचंय, सिद्धेश."

प्रिस्का उठली. "असूं दे गो. नको भांडूस त्याच्याशी." आशालतानं कागदावर मजकूर लिहून दिला, तळाला ती ओळही, आणि स्टेशनजवळच्या दुकानात दे म्हणून सांगितलं. आपल्या हातांनी आपलं काम दुसरीकडे धाडायची वेळ तिच्यावर आली.

रविवारी देवळात पत्रक हातात आलं. गुळगुळीत कागद, वर पंखवाला देवदूत, तळाला इंग्रजीतला तयार श्लोक. कुणाच्याही मायला चालेल असा.

"मी सांगितलेलं दुकानवाल्याला," प्रिस्का कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. "म्हणाला साच्यात जागा नाय."

इतक्यात मांडीवरचा फोन थरथरला. शनिवारी आलेल्या सिद्धेशचा घरून मेसेज होता. 'आई, झालं. एकदम सोप्पं टाकलंय. चित्रावर दाबायचं फक्त. आलीस की एक फोटो काढू?'

तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला.

प्रार्थना सुरू झाली. शेवटच्या बाकावर आशालतानं पत्रक गुडघ्यावर उलटं ठेवलं. मागची बाजू कोरी होती. तिची दहाही बोटं त्यावर सवयीनं बसली आणि हलकेच चालू लागली. पानी पिऊन जा गो बाय. पुढच्या बाकावरून प्रिस्कानं वळून पाहिलं. ती आशालताच्या बोटांकडे बघत राहिली आणि बोटं थांबल्यावरच पुन्हा वेदीकडे वळली.