आईच्या वाट्याचा घास

मी वाडगा बोलतोय. स्वयंपाकघरातल्या कपांना वाटतं, बोलायचा मान त्यांचा, कारण पाहुण्यांसमोर तेच मिरवतात. मिरवू देत. या घरात काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि ते मनात ठेवून ठेवून मी थकलोय.

माझा जन्म भट्टीतला. कुंभाराच्या चाकावरून उतरतानाच माझा काठ एका बाजूला कलला. दुकानदार मला बाजूला काढत होता, तेवढ्यात आई म्हणाली, "वाकडा असला म्हणून काय झालं? माणसं तरी कुठं सरळ असतात!" आणि मला घरी घेऊन आली. ती घरीच पडदे शिवायची. बाबा बस चालवायचे आणि लेक चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची.

तिघं जेवायला बसली की नुसता गोंधळ. बाबा प्रवाशांच्या नकला करायचे, लेकीला हसता हसता ठसका लागायचा, आणि आई दटावायची, "आधी गिळा, मग हसा." तिचा एक नियम मात्र कडक होता. अन्न टाकायचं नाही. भांडं चाटूनपुसून लख्ख झाल्याशिवाय सिंकमध्ये जायचं नाही.

मग आई आजारी पडली. मशीनवर अर्धा शिवलेला पडदा तसाच राहिला. लेकीनं रजा घेतली आणि आईचं जेवण माझ्यात येऊ लागलं. मऊ भात, सूप, दुधात कुस्करलेला पाव. "पोटात अन्न जात राहिलं पाहिजे," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि बाबांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पण "जेवलीस का?" विचारलं की आईला रडू यायचं. म्हणून त्यांनी विचारणंच सोडलं. कामावरून आले की बूटही न काढता ते सिंकपाशी जायचे आणि मला बघायचे. मी रिकामा दिसलो की त्यांच्या जिवात जीव यायचा.

एके दिवशी आईनं जेमतेम एक घास घेतला आणि मला दूर सारलं. बाबांची यायची वेळ झाली होती. लेक मला घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. टाकायचं कसं? आणि बाबांसमोर तसंच ठेवायचं तरी कसं? तिनं दाराआड उभं राहून सगळं भराभर खाऊन टाकलं आणि मला सिंकमध्ये ठेवलं. बाबा आले, मला पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी शीळ घालत आंघोळीला गेले. ती शीळ ऐकल्यावर खरं सांगायची हिंमत कुणाला झाली असती?

मग तेच रोजचं झालं, आणि तेवढ्यावर थांबलं नाही. आईचं संपलं की बिस्किटं, बिस्किटं संपली की साखर, तीही माझ्यातच घेऊन. भुकेलं माणूस मी ओळखतो. ते आधी अन्नाकडे बघतं. लेक भिंतीकडे बघायची. आई कण्हली की खायची, रिपोर्ट आला की खायची. खाताना क्षणभर तिला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण नंतर ती स्वतःवर इतकी चिडायची की मला घासता घासता तिची बोटं लाल व्हायची. "आई तिकडे वाळत चाललीय आणि मी इकडे फुगतेय," असं ती नळ सोडून म्हणायची, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. शेजारीण एकदा कौतुकानं म्हणाली, "तब्येत छान झाली हो तुझी!" लेक हसली, दार लावलं आणि सरळ माझ्याकडे आली.

आणि गंमत बघा, आई जास्त मागू लागली. "आज जरा जास्त वाढ गं." लेकीला वाटायचं, बिचारीला खावंसं वाटतंय, पण घास गळ्याखाली उतरत नाही. बाबांना वाटलं, भूक परतली. "वाडगा भरून जेवते हो!" त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर आईच्या मनगटाकडे बघत राहिले.

आई गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच सांगायचे, "शेवटपर्यंत पोटभर जेवली. तेवढंच समाधान." ते ऐकलं की लेक उठून आत यायची आणि दार ओढून घ्यायची.

एका दुपारी बाबा पाणी प्यायला आत आले. लेक दाराआड उभी होती. तोंड भरलेलं, डोळे कोरडे, आणि हात काही थांबत नव्हता.

"अगं, एवढी भूक लागलीय तर बसून खा ना, बाळा." त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"भूक नाहीये, बाबा." तिनं घास कसाबसा गिळला. "तेव्हाही नव्हती. आई जेवत नव्हती. तिचं सगळं मी खात होते."

बाबांनी न बघताच मला ओट्याच्या अगदी कडेला टेकवलं. मला वाटलं, आता पडलो.

"म्हणजे... उपाशी गेली ती?"

लेक जमिनीवर बसली आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बऱ्याच वेळानं बाबा तिच्या शेजारी टेकले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेले नाहीत.

आता मी वरच्या फळीवर असतो. दोघं समोरासमोर बसून जेवतात, फारसं बोलत नाहीत. लेकीचा हात अजूनही माझ्याकडे येतो. एखाद्या दिवशी ती मला खाली काढते, न भरताच ठेवते आणि हाक मारते, "बाबा, जरा इथे येऊन बसा ना." एखाद्या दिवशी नाही मारत. तेव्हा मी मुकाट भरतो आणि मुकाट रिकामा होतो. तिला बोल लावणारा मी कोण?

पण एक गोष्ट त्या दोघांनाही ठाऊक नाही, आणि तिच्यासाठीच मी आज बोलायला बसलो. लेक पाणी आणायला वळली की आई माझ्याशी हळूच बोलायची. "स्वतःसाठी वेगळं वाढून घे म्हटलं तर ही ऐकत नाही बघ. माझं उरलेलं तेवढं खाते. काल चमच्याचा आवाज ऐकला मी." मग स्वतःला जाईल तो घाससुद्धा ती उष्टा न करता चमच्यानं नीट तिच्यासाठी बाजूला सारायची, आणि आत हाक द्यायची, "जास्त वाढ गं!"

तुम्ही कधी चष्मा करायला गेलात आणि काच बसवताना मान खाली घातलेली ती दिसली, तर माझं एवढं काम करा. तिला सांगा, तू आईच्या तोंडचं काढून खाल्लं नाहीस. आईनं ते तुझ्यासाठीच मागून घेतलं होतं.