उंबऱ्यावरचा पहारा

आभा निघाली!

कालपर्यंत पोटावर सरपटणारी ही दहा महिन्यांची पोर आज दुपारी चक्क पोट उचलून हातागुडघ्यांवर आली, जरा पुढंमागं डुलली, आणि हॉलमधून सुटली ती थेट पुढच्या दाराकडं. गुंडुरावांच्या हातातला पेपर गळून पडला.

"अय्यो, कमला! धाव! पोट उचललं हिनं! उंबऱ्याकडं चाललीय!"

कमलाक्षीबाई स्वयंपाकघरातून पदर खोचत आल्या आणि टाळ्याच पिटायला लागल्या. "माझी बाय गं ती! जाऊ द्या की मग. मी डाळ शिजायला टाकते."

"जाऊ द्या काय जाऊ द्या! हिची आई कुठंय घरात?" म्हणत गुंडुरावांनी नातीला उंबऱ्यापाशी पकडलं, उचललं आणि परत सतरंजीवर आणून ठेवलं.

आता हे डाळीचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. या घरात बाळानं पहिल्यांदा उंबरा ओलांडला की पुरणाचे कडबू होतात, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत ओलांडला त्याला पहिला कडबू. यांच्या वाडवडिलांचा रंगाऱ्याचा धंदा कधीच बुडाला, घरातल्या मराठीत निम्मं कन्नड शिरलं, पण कुवेंपुनगरात घर बांधताना गुंडुरावांनी हट्टानं सागवानी उंबरा बसवून घेतला, चांगला वीतभर उंच. टाइल्सवाला म्हणाला, हल्ली कुणी बसवत नाही, पाय अडखळतात. अडखळू देत, म्हणाले.

आणि एवढं करून स्वतःच्या मुलाचा उंबरा काही त्यांनी पाहिला नव्हता. देवेश लहान असताना ते हेब्बाळच्या कारखान्यात शिफ्टला असायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तर आत पोळीऐवजी कडबू. पोरगा घराबाहेर पडला हे त्यांना त्या डब्यानं सांगितलं. गार झालेला तो कडबू खाताना जे वाटलं, ते त्यांनी कमलाक्षीबाईंनासुद्धा कधी सांगितलं नाही. म्हणून आभा जन्मली तेव्हाच त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, या खेपेला मी दारातच बसणार.

पण मध्ये सून आली ना! ईश्वरी साताऱ्याची, आता हेब्बाळलाच मोठ्या कंपनीत. आभा पालथी पडली तेव्हा ती ऑफिसात. पहिला दात चमच्यावर टणकन वाजला तेव्हा ती मीटिंगमध्ये. त्या संध्याकाळी पोरीच्या तोंडात बोट घालून दात चाचपताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "बाबा, उंबरा तरी माझ्यासमोर हं. काहीही करा." आणि गुंडुराव "वचन" म्हणून मोकळे झाले. दिलेला शब्द त्यांनी जन्मात कधी मोडला नव्हता. देवेश आठवडाभर चेन्नईला, तेव्हा पहाऱ्याला हे एकटेच.

त्यांनी फोन लावला. "ईश्वरी, लवकर ये! बाळ निघालंय!"

"निघालंय? कुठं?" तिकडं तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"घराबाहेर! पोट उचललंय!"

"अगं बाई! धरून ठेवा बाबा, मी आलेच! कंपनीची बस नको, रिक्षाच करते!"

धरून ठेवा म्हणे! त्या पोरीला धरून ठेवणं म्हणजे काय खायचं काम आहे? बाहेर व्हरांड्यात गुंडुरावांच्या चपला पडल्या होत्या आणि बाईसाहेबांचं सगळं लक्ष त्या चपलांवर. त्यांनी दारात उशा रचल्या. आभानं उशीला धरलं, जोर लावला आणि उभी राहिली! आयुष्यात पहिल्यांदा! आजोबा हर्षानं ओरडले आणि दुसऱ्या क्षणी घाबरले, कारण ती आता उशीवरून पलीकडं वाकत होती. मग स्कूटरची किल्ली दाखवून तिला मागं वळवलं आणि किल्ली टॉवेलखाली लपवली. दोन महिन्यांपूर्वी वस्तू झाकली की पोरीच्या लेखी ती जगातूनच जायची. आज तिनं टॉवेल फर्रकन ओढला, किल्ली काढली, आजोबांकडं बघून खदखदून हसली आणि किल्ली टाकून पुन्हा दाराकडं वळली.

"अहो, साकु!" कमलाक्षीबाई आतून ओरडल्या. "पुरे झालं! दारात गेलेल्या लेकराला मागं ओढतात होय? तुम्हालाच बघायचं होतं ना? मग बघा की! कुणी हात धरलाय तुमचा?"

खरंच होतं. नुसता हात बाजूला घ्यायचा अवकाश होता. पोरगी उशा ढकलून उंबऱ्याशी आलेली, गुंडुराव समोर, हॉलमध्ये दुसरं कुणी बघायला नाही. मोह झाला हो, फार मोह झाला. पण त्यांना तो डबा आठवला आणि त्यांनी तिला पुन्हा उचललं. आभानं घर डोक्यावर घेतलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. "बाबा!" ईश्वरी फाटक हलवत होती आणि फाटकाची गंजकी कडी काही निघेना. गुंडुरावांनी पोरीला दाराच्या आत टेकवलं आणि धावले. "आलो, आलो! या कडीच्या तर..." दोन्ही हातांनी ते कडी ओढत होते, आणि समोर ईश्वरीनं एकदम तोंडावर हात ठेवला.

"बाबा! बाबा, बघा!"

"निघतेय, निघतेय, थांब—"

"कडी नाही हो, आभा!"

ते वळले. आभा व्हरांड्यात बसली होती. अख्खी बाहेर. चप्पल तोंडात. पिठाचे हात घेऊन दारात आलेल्या कमलाक्षीबाई डोळे पुसत म्हणत होत्या, "पोटावर अडकली, हलली, आणि धपकन उतरली की हो!" सगळ्यांनी पाहिलं होतं. फक्त दिवसभर पहारा करणाऱ्यानं नाही.

कडी निघाली. ईश्वरी धावत जाऊन लेकीला कवटाळून नाचली, हसली, रडली. मग सासऱ्यांचा चेहरा दिसला आणि ती थबकली. "बाबा... तुम्ही पाहिलं नाहीत?"

"तू पाहिलंस ना? झालं तर मग." ते हसले. "आधी कुठला हात टाकला गं तिनं?"

"उजवा," ईश्वरी हळूच म्हणाली आणि आभाला खाली ठेवून तिनं डोळ्यांना ओढणी लावली.

गुंडुराव आत जाऊन कोचावर मटकन बसले. पाय दुखत होते. उंबऱ्यावर काहीतरी थापटल्याचा आवाज झाला म्हणून त्यांनी मान वर केली. एक हात दिसला, उजवाच. मग दुसरा. मग चप्पल दातांत धरलेलं तोंड. आभा पोटावर अडकली, हलली, लाल झाली, आणि धपकन घरात पडली. रडली नाही. चप्पल ओढत, हॉल तुडवत, ती आजोबांच्या पायापाशी आली आणि तिनं चप्पल त्यांच्या पावलावर ठेवली.

"कमला!" गुंडुराव एवढ्यानं ओरडले की शेजारच्या सुमाबाई गच्चीवरून डोकावल्या. "आत आली! पहिल्यांदा आत आली! माझ्यासमोर!"

"आत येण्याचे कडबू नसतात आपल्यात," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

"आजपासून असतात," ईश्वरी म्हणाली, आणि पुरण वाटायला स्वतः आत गेली.