माळकऱ्यांच्या घरातलं रक्त

धाकटा भाऊ बळीराम अंथरुणाला खिळला तेव्हा त्याची घाण इंदूबाईनं आपल्या हातांनी काढली. रक्ताची फडकी, भांडी, त्या खोलीतला कुबट वास. पण तिला कधी शिसारी आली नाही. आज त्याच्या तेरवीला, महाल वस्तीतल्या घरी, कीर्तन ऐकता ऐकता मात्र तिला मळमळून आलं. आणि कीर्तन म्हटलं की जी तहानभूक विसरते अशी ही बाई!

बुवा सांगत होते, "अभक्ष्य पोटात गेलं की पोट सडतं, माउली. माळकऱ्याच्या पोराचंही सडतं!"

मंडळी हळहळली. पुढेच काटोलचे सोयरे बसले होते. थोरला भाऊ गणपतराव त्यांच्या मनगटांना अत्तर लावत होता. त्याच्या मुलीचं, प्रेमलताचं लग्न तिथं ठरलेलं.

हे बुवांच्या कानात कोणी भरवलं, ते इंदूबाईनं लगेच ओळखलं. दवाखान्यात डॉक्टरांनी दोघा बहीणभावांना बसवून सांगितलं होतं, की आतड्याचा हा कॅन्सर विलायतेत पुष्कळ, आपल्याकडे कमी. पण तुमचे वडील यानंच गेले, आत्या गेली, आता हा भाऊ. तुमच्या घराण्यात तो रक्तातूनच उतरतोय. लेकराबाळांसकट सगळे तपासून घ्या. गणपतरावानं त्यातलं पहिलं तेवढं उचललं. रोग मांस खाणाऱ्या साहेबांचा, म्हणजे बळीरामनं बाहेर काहीबाही खाल्लंच असणार! ज्यानं जन्मात कांदासुद्धा तोंडात घातला नाही, त्याच्याबद्दल हे.

अन् प्रेमलताला शौचावाटे रक्त पडत होतं, ते मूळव्याध म्हणून झाकलेलं. काल इंदूबाईनं विषय काढला तर गणपतराव म्हणाला, "लगन होऊ दे वं, मंग पाहू. सोयऱ्याईले आताच काहून सांगा लागते?"

पूर्वरंग संपला. बुवांना बुक्का लावून हार घालायला इंदूबाई उठली. जवळ गेली आणि हार हातातच धरून उभी राहिली.

"बुवा, मी तुमच्या पायाची धूळ. पण हे खोटं हाय. माझ्या भावानं अंडंबी शिवलं नाही. माझा बाप असाच गेला, आत्या अशीच गेली. हे आमच्या रक्तात हाय. उद्या मी स्वतःले तपासून घेतो."

"इंदे, बस खाली!" गणपतराव खेकसला. "देवासमोर घाण काढून राहिली!"

"घाण तं मी तवाच काढली, दादा. तू दारातूनबी डोकावला नाहीस. आता तुझ्या तोंडातून जे येऊन राहिलं ना, त्याची किळस येते मले."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "मले जे सांगतलं ते मी बोललो, बाई," ते पुटपुटले. "चुकलो."

काटोलचा म्हातारा सोयरा उपरणं झटकून उठला. गणपतराव धावला, त्याचे पायच धरले, "अहो, पोरीले काही नाही! थोडंसं रक्त जाते, मूळव्याध हाय, बस!"

सगळ्या मांडवानं ऐकलं. म्हाताऱ्यानं पाय सोडवून घेतले.

बायकांमधून प्रेमलता उभी राहिली.

"आत्या, मीबी चालतो तुझ्यासंग."

इंदूबाईनं हार ताटात ठेवला, तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. "सकाळी उपाशीपोटी जा लागंल," ती म्हणाली. "आता दोन घास खाऊन घे."