पावणेपाच तासांचा विरोध

सायकलवाला चाकाचा आउट काढत होता. चाक फिरवायचा, डोळा बारीक करून बघायचा, एक आरा आवळायचा आणि पुन्हा फिरवायचा. स्टेनोताई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. हातात नोटीस होती आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य ऐन वेळी पार विसरलं होतं.

"पंक्चर असेल तर तासाभरानं या," तो मान वर न करता म्हणाला.

"पंक्चर पक्ष झालाय."

चाक त्यानं हातानं थांबवलं. अकरा वर्षांनी त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि एक स्टूल फडक्यानं पुसून पुढे सरकवलं. "बसा."

बसा! हे तिला लागलं. पक्षात कुणी कुणाला अहो-जाहो करायचं नाही, असा ठराव होता, आणि तो पास व्हायला दोन आठवडे लागले होते. दातांचे डॉक्टर अध्यक्ष होते, पण त्यांनाही सगळे 'ए डॉक्टर' म्हणत. गाव हसायचं. गावानं पक्षाचं नावच 'गुऱ्हाळ' ठेवलं होतं, कारण छापखान्याच्या वरच्या त्या खोलीत चर्चा एकदा सुरू झाली की संपायचं नाव नसायचं.

हसणारे हसोत. त्या काळात निवडणुका व्हायच्या आणि निकाल आधीच ठरलेले असायचे. अशा वेळी सतरा माणसं त्या खोलीत जमली. कुणी निवडून दिलेल्या माणसाला घरी पाठवायचा हक्क मागत होतं, कुणी सरकारी कागद चौकात वाचून दाखवा म्हणत होतं. त्यांचा एक नियम मात्र जगावेगळा होता. कुठलाही ठराव आला की कुणीतरी विरोधात बोललंच पाहिजे. कुणीच बोललं नाही, तर ठराव पुढच्या आठवड्यावर. जिथे सगळेच हो म्हणतात तिथे कुणीतरी घाबरलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. आणि विरोधात बोलणाऱ्याला थांबवायचं नाही. त्याला थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, टिपणं घेणाऱ्याला. हात भरून आला तर तिनं 'थांब' म्हणायचं.

ती म्हणजे स्टेनोताई. दिवसभर कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं लघुलिपीत उतरवायचं आणि संध्याकाळी पक्षात तेच. आणि विरोधाला हमखास उभा राहणारा हा सायकलवाला. त्याचं नावच 'नन्ना' पडलं, इतका त्याचा नन्नाचा पाढा अखंड चालायचा. पण काय बोलायचा! उद्या ज्या शंका लोकांना येणार त्या हा आजच काढायचा. त्याच्या विरोधातून तावूनसुलाखून निघालेले ठराव बाहेर गेले की लोकांना आपलेच वाटायचे. दहा वर्षांत सतराचे सतरा हजार झाले. निवडणुकीत एक्केचाळीस जागा आल्या. निकालाच्या दिवशी चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि अनोळखी बायका स्टेनोताईला कडकडून मिठी मारत होत्या. तेवढा आनंद तिला पुन्हा कधी झाला नाही.

मग तो दिवस आला. दुसऱ्या एका पक्षाबरोबर सरकारात जायचं, निवडून दिलेल्याला परत बोलवायचा कायदा पहिल्याच अधिवेशनात करायचा. सगळं ठरलं होतं. पत्र पाचच्या आत पोचवायचं होतं, ठराव तेवढा बाकी होता. एक वाजता नन्ना विरोधाला उभा राहिला आणि बोलतच राहिला. दोन वाजले, तीन वाजले. डॉक्टर घड्याळाकडे बघून घामाघूम झाले. चार वाजता सगळी खोली स्टेनोताईकडे बघू लागली. तिनं मान वर केली नाही. पेन्सिल चालूच. नन्ना खाली बसला तेव्हा पावणेसहा झाले होते. पत्र गेलं नाही, सरकार दुसऱ्यांचं झालं.

महिन्याभरात विरोधाचा नियमच काढून टाकायचा ठराव आला. नन्ना विरोधात चारच वाक्यं बोलला. हात वर झाले, त्यात स्टेनोताईचाही होता. त्यानं तो पाहिला, पायऱ्या उतरला आणि पुन्हा वर चढला नाही.

पुढचं सांगण्यासारखं नाही. पुढच्या खेपेला पक्ष सरकारात गेला, ठराव पाच मिनिटांत पास व्हायला लागले, 'ए डॉक्टर'चे 'डॉक्टरसाहेब' झाले. कायदा समितीकडे गेला तो तिथेच मुरला. एक्केचाळीसच्या नऊ जागा झाल्या, नऊचं शून्य झालं. आता पक्षाच्या समितीत आठ नावं उरली होती. आठवं नन्नाचं, कारण त्यानं राजीनामा दिलाच नव्हता.

"रविवारी अकराला बैठक आहे," ती म्हणाली. "मोठ्या पक्षात विलीन व्हायचा ठराव. तीन विरोध पडले तर पक्ष मोडता येत नाही. मी एक, औषधवाला दुसरा. तिसरं कुणी नाही."

"म्हणून माझी आठवण झाली होय?"

"आठवण रोज होते." बोलून गेली आणि मग थांबणं जमेना. "तुला थांबवायचा अधिकार मला होता. हात ठणकत होता, बोटं वळत नव्हती. तरी थांबवलं नाही. तू बोलत राहावंस असं वाटत होतं, बस. मग सगळे माझ्याकडे चोरासारखे बघायला लागले आणि मी घाबरून हात वर केला."

सायकलवाला पुन्हा आरे चाचपू लागला. मग म्हणाला, "माझं बोलणं तीनला संपलं होतं."

"काय?"

"मुद्दे संपले होते. मलाच पटलं होतं की सरकारात जावं. पण तुझी पेन्सिल चालू होती. म्हटलं, ही लिहितेय तोवर बोलू." त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. "तीन ते पावणेसहा मी काय बोललो, देव जाणे."

तिला ते पाठ होतं. तेच तीन मुद्दे त्यानं फिरवून फिरवून सांगितले होते आणि तिनं ते तितक्याच वेळा उतरवले होते. दोघांच्या त्या वेडेपणापायी कायदा राहिला, माणसं दुरावली, सगळंच राहिलं. 'त्या पक्षापायी तुझं लग्न राहिलं' असं धाकटी बहीण उठता-बसता ऐकवायची. आता तिला काय सांगणार, की गोष्ट नेमकी उलटी आहे?

"रविवारी येशील ना?" तिनं विचारलं.

"येईन," तो म्हणाला. नोटिशीवर सही करताना ग्रीसचा अंगठा कागदावर उमटला.

रविवारी तो खरंच आला, धुतलेला शर्ट घालून. स्टेनोताईच्या छातीवरचं ओझंच उतरलं. डॉक्टरांनी ठराव वाचला. "विरोधात?" स्टेनोताईनं हात वर केला. औषधवाल्यानं केला. तिनं वळून पाहिलं. नन्नाचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बाजूनं?"

पाच हात वर झाले आणि मग सावकाश सहावा. त्या खोलीत नन्नानं आयुष्यात पहिल्यांदा हो म्हटलं, आणि पक्ष संपला. डॉक्टरांनीच मान खाली घातली.

स्टेनोताईनं शेवटचा ठराव लिहून काढला, खाली सही केली आणि पायऱ्या उतरली. तो खाली उभा होता.

"का केलंस असं?" तिचा आवाज चढला. "इतक्या लांबून तुला बोलवायला आले, मन उघडं केलं, आणि तू..."

"तुझ्यासाठी एकदा खोटं बोललोय मी त्या खोलीत. आज पुन्हा तुझ्यासाठी नाही म्हणालो असतो, तर तेच दुसऱ्यांदा झालं असतं. मला खरंच वाटतं, पक्ष संपायला हवा होता. तुला वाटतं, नको होता. तू तुझं मत दिलंस, मी माझं दिलं."

तिला त्याचा संताप येत होता आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता, कारण अशीच माणसं मिळावीत म्हणून तर सगळा खटाटोप केला होता.

"चालत जाऊ या?" त्यानं विचारलं.

दोघं चालू लागली. रविवार असल्यानं चौक मोकळा होता. इतकी वर्षं तिची समजूत होती की आपला जीव या माणसासाठी तुटतो. आता तो शेजारून चालत होता, तिच्या चालीनं पावलं टाकत होता, आणि तरी जीव तुटायचा थांबला नव्हता. तिला तो हवा होता, पण त्या गर्दीत हवा होता. मिठी मारणाऱ्या त्या अनोळखी बायकाही हव्या होत्या. चौकाच्या मधोमध ती थांबली आणि भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्या चार माणसांदेखत, हमसून हमसून रडली. सायकलवाला बाजूला उभा राहिला. रडू नकोस, असं तो एकदाही म्हणाला नाही.