पाचवं दार

बेल वाजवून ती दोन पावलं मागे सरकली. दाराला चिकटून उभं राहू नये, आतल्या माणसावर दडपण येतं, असं मॅडमनी वर्गात बजावलं होतं. मॅडमना बोलायला काय जातंय. चार जिने चढून धापा टाकत त्या उभ्या नव्हत्या.

दाराच्या भिंगातला उजेड गेला. कोणीतरी आतून डोळा लावला होता.

"कोण?"

"कॉलेजातून आलेय. सर्व्हे आहे, पालिकेच्या निवडणुकीबद्दल थोडं विचारायचंय."

"काही विकायचं नाही ना?"

"नाही हो."

"देणगी?"

"तीही नाही."

"थांबा मग. कडी जरा अडकते."

या दारावरची ही तिसरी खेप होती. राज्यशास्त्राच्या एम.ए.ला संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्राचा एक पेपर असतो आणि त्याला सगळे टरकून असतात. राज्यघटनेवर तावातावाने भांडणारी पोरं प्रमाण विचलन म्हटलं की बाकाखाली पडलेलं पेन शोधायला लागतात. त्या पेपरासाठी प्रत्येकाला एकेक इमारत वाटून दिली होती. तळमजल्यापासून घरांची दारं मोजत वर जायचं, दर पाचव्या दारावर थांबायचं आणि तिथल्याच माणसाला प्रश्न विचारायचे. दार उघडलं नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. शेजारी कितीही आग्रहाने या म्हणाले तरी त्यांच्याकडे शिरायचं नाही.

"घरी सापडणारी माणसं वेगळी आणि न सापडणारी वेगळी," मॅडम म्हणाल्या होत्या. "सापडतील त्यांनाच विचारत सुटलात, तर अर्धं शहर तुमच्या टक्केवारीतून गळून जाईल."

पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. तिच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन लांब गेली होती. घर खायला उठायचं म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने कॉलेजात नाव घातलं. सकाळी चष्म्याच्या दुकानात नोकरी, दुपारी वर्ग. वर्गात सगळे तिला काकू म्हणत. मायेने म्हणत, पण डबा खाताना काकूंच्या बाकावर कोणी येत नसे. प्रश्नावली तयार झाली तेव्हा सरावासाठी तिने ती स्वतःच भरून पाहिली होती. गेल्या आठवड्यात राजकारणावर घरात कोणाशी बोललात, असा एक प्रश्न होता. उत्तरं चार: जोडीदार, मुलं, इतर नातलग, कोणाशीही नाही. घरात कोणीच नसलेल्याने खूण कुठे करायची, असं तिने विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "'कोणाशीही नाही'मध्येच टाका ना काकू. एकच की ते." ते एकच नव्हतं. पण का नव्हतं, ते चारचौघांत सांगणं तिला जमलं नाही.

कडी निघाली. दारात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. दाढी गुळगुळीत, हनुवटीवर कापल्याची ताजी खूण, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"दोनदा येऊन गेलात ना? बघितलं मी," ते म्हणाले. "पण अवतार असा होता ताई, की मीच मला दार उघडलं नसतं. आज सकाळपासून तयार होऊन बसलोय. या."

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक त्यांची, दुसरीवर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग. त्यांनी ढीग उचलून जमिनीवर ठेवला, फडक्याने खुर्ची पुसली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा एकदा पुसली.

"माझंच नाव कसं काय निघालं पण?"

"नाव नाही काका, दार निघालं. यादृच्छिक पद्धतीने."

"ही काय भानगड?"

"म्हणजे ओळख नाही, वशिला नाही. मोजता मोजता ज्याचं दार आलं, तो."

"वशिल्याशिवाय!" त्यांना ते फारच आवडलं. "आयुष्यात पहिल्यांदाच वशिल्याशिवाय नंबर लागला बघा."

एका मोठ्या ऑफिसात ते लिफ्ट चालवायचे. तीच नोकरी, पहिली आणि शेवटची.

"साहेब लोक माझ्यादेखत सगळं राजकारण बोलायचे. कोण निवडून येणार, कोणाला पाडायचं. लिफ्टचं दार लागलं की मी त्यांच्या लेखी नव्हतोच. मला विचारायचे ते एवढंच, कितवा आला रे?" ते खुर्चीत सरसावून बसले. "तुम्ही विचारा. काय हवं ते विचारा."

वीस मिनिटांत उरकायची मुलाखत होती. ती दिवे लागेपर्यंत चालली. प्रत्येक प्रश्नाला ते डोळे मिटून विचार करत. गटारांच्या कामावर 'समाधानी' म्हणून झाल्यावर, तिने पुढचा प्रश्न विचारला तरी मागे येऊन म्हणत, "समाधानी नको, 'काहीसा समाधानी' करा. उगाच कोणाची फुकटची स्तुती नको." तिलाही घाई नव्हती. किती दिवसांनी ती कोणासमोर बसून बोलत होती.

मग तो प्रश्न आला.

"राजकारणावर घरात कोणाशी बोललात?"

"रेडिओशी. ऐकत नाही माझं, नुसतं स्वतःचंच रेटतो." ते हसले. मग हसणं विरलं. "काय लिहायचं ते लिहा तुम्ही."

तिने 'कोणाशीही नाही'वर खूण केली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, एकटेच राहतात. त्या लिहिण्याचा हिशेबात काही उपयोग नव्हता, पण तिला बरं वाटलं.

निघताना ते दारापर्यंत आले. "हे मोजलं जाईल ना, ताई?"

"जाईल, काका. नक्की."

जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर तिचे पाय थबकले. तिथल्या पाटी नसलेल्या दारापुढे वायरमन स्टुलावर उभा होता. दार सताड उघडं होतं आणि आत भिंतभर विजेचे मीटर होते.

ते दार तिने घर म्हणून मोजलं होतं.

म्हणजे एक दार जास्त धरलं गेलं. म्हणजे इमारतीतलं शेवटचं पाचवं दार काकांचं नव्हतंच, त्यांच्या शेजारचं होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली. कोणाला कळणार होतं? मॅडम काही इथे येऊन मीटर बघणार नव्हत्या. रात्री तिने सगळे कागद एकावर एक रचले. काकांचा कागद बाजूला काढला, पुन्हा गठ्ठ्यात घातला. झोप अशी लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगून टाकलं. मॅडम वयाने तिच्या लेकीहून जेमतेम मोठ्या.

"राहू द्यायचा का तो एक?" तिने विचारलं. "एका दाराने असा काय फरक पडतो?"

"का राहू द्यायचा? त्यांनी छान उत्तरं दिली म्हणून?"

"छान म्हणून नाही. मनापासून दिली म्हणून."

"मग तो मनापासून बोलणाऱ्यांचा सर्व्हे होईल, काकू. शहराचा नाही होणार." मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "काढा तो. शेजारच्या दाराला जाऊन या."

मॅडमचं बरोबर होतं, आणि तिला त्यांचा भयंकर राग आला.

संध्याकाळी ती शक्य तितक्या हलक्या पावलांनी चौथा मजला चढली. शेजारच्या बेलकडे हात नेला, तोच काकांचं दार उघडलं. दाढी गुळगुळीत. इस्त्रीचा शर्ट, आज दुसरा.

"पावलं ओळखली मी! काहीतरी विचारायचं राहिलं ना? मला वाटलंच होतं. ते रस्त्यावरच्या दिव्यांचं मी जरा..."

"काका," ती म्हणाली, "माझी मोजायला चूक झाली. खालची मीटरची खोली मी घर समजले. पाचवं दार तुमचं नाही. यांचं आहे."

"म्हणजे माझं जे सांगून झालं..."

"ते धरता येणार नाही."

त्यांनी शेजारच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुलूप होतं, ते तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"असं होय," ते म्हणाले. तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. लिफ्टमध्ये ते असेच उभे राहत असतील, असं तिला वाटलं. "त्यांना यायला उशीर होतो," एवढं बोलून ते आत गेले.

ती तिथेच खिळली. काका बाहेर आले ते खुर्ची घेऊन. कालचीच, पुसलेली. त्यांनी ती शेजारच्या दारासमोर नीट ठेवली.

"वाट बघावी लागेल तुम्हाला. उभ्या राहू नका."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. कडी एकदा अडकली, मग लागली.

शेजारी आला तेव्हा जिन्यात अंधार झाला होता. तो किल्ली हातात खेळवत उभ्याउभ्याच बोलला. "पालिका? कोणी का येईना, आपल्याला काय." घरात कोणाशी बोललात, तर म्हणाला, "बायकोशी. म्हणजे भांडलो. चालतं ना?" चालत होतं. पाच मिनिटांत काम झालं. हे उत्तर धरलं जाणार होतं.

त्याचं दार लागल्यावर तिने स्वतःचा रुमाल काढून खुर्ची पुसली, पुन्हा एकदा पुसली आणि उचलून काकांच्या दाराशी आणली. बेल वाजवली. दोन पावलं मागे सरकली.

भिंगातला उजेड गेला.

"काका, खुर्ची आणलीये."

उजेड परतला नाही.

"सर्व्हे संपला माझा," ती म्हणाली. "मी अशीच आलेय."

ती बराच वेळ थांबली. मग तिने खुर्ची भिंतीला लावून ठेवली, दार उघडताना आड येणार नाही अशी, आणि जिना उतरायला लागली. वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, असा नियम होता. ही पहिली खेप झाली.